मेंदूला थंडावा : आशा, कसोटी आणि आपण

(सोसायटीच्या आरोग्य समितीच्या वतीने पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्य समितीने या वर्षी बोलावे असा आदेश कार्यकारिणीने दिला, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम आमच्या मनात होते. परंतु गेली दोन वर्षे एक प्रश्न आमच्या गळ्याशी अडकून राहिला आहे. तो सोडवल्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटले. आम्ही म्हणजे समितीचे चौघे. एक निवृत्त परिचारिका, एक विज्ञानाचे शिक्षक, एक रिक्षाचालक आणि एक कारकून. आमच्यात मेंदूचा तज्ज्ञ कोणी नाही. जे सांगणार आहोत ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि पुन्हा पुन्हा पडताळून सांगत आहोत.

प्रथम तो प्रसंग सांगतो. ज्यांच्या घरचा हा प्रसंग आहे त्या माउलींनी तो सांगण्यास परवानगी दिली आहे. नाव मात्र आम्ही घेणार नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. वस्तीतला बावीस वर्षांचा एक मुलगा तळोज्याच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून मोटारसायकलने घरी येत होता. हेल्मेट होते, पण ते हँडलला अडकवलेले. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि डोके दुभाजकावर आपटले. एका टेम्पोवाल्याने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथे रात्री सिटी स्कॅनची सोय नव्हती. मग दुसरे रुग्णालय. तेथे स्कॅन झाला, कवटीच्या आत रक्ताची गाठ सापडली आणि पहाटे शस्त्रक्रिया झाली. मुलगा वाचला, पण शुद्धीवर येईना.

तिसऱ्या दिवशी नात्यातल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी घरच्यांना सांगितले की, परदेशात अशा रुग्णाचा मेंदू यंत्राने थंड करतात आणि मेल्यात जमा झालेला माणूस उठून चालू लागतो. तसे यंत्र असलेल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात त्याला ताबडतोब हलवा. खर्चाचा आकडा लाखांत होता. घरच्यांनी राहती खोली गहाण टाकायची तयारी केली आणि उरलेल्या पैशांसाठी ते सोसायटीकडे आले.

आम्ही त्याच संध्याकाळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी दहा मिनिटे उभ्या-उभ्या समजावून सांगितले. या अवस्थेत रुग्णाला हलवणे धोक्याचे आहे आणि थंड करण्याच्या उपचाराने डोक्याच्या मारात फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. आम्ही घरच्यांना तसे सांगितले. खोली गहाण पडली नाही. वर्गणी आम्ही जमवली, पण ती पुढच्या औषधांसाठी आणि व्यायामोपचारासाठी खर्च झाली. मुलगा सतराव्या दिवशी डोळे उघडून पाहू लागला. आज तो चालतो, बोलतो. परंतु उजव्या हातात पूर्वीची ताकद नाही, शब्द आठवायला वेळ लागतो, आणि कारखान्यातले जुने काम त्याला जमले नाही.

गेल्या वर्षी त्याच्या आईने आमच्यापैकी एकाला रस्त्यात थांबवून विचारले, "दादा, तेव्हा ते थंड करायचं केलं असतं, तर माझ्या पोराचा हात बरा राहिला असता का? पैशासाठी आपण मागं सरलो का?"

त्या वेळी आम्ही धीर दिला, पण उत्तर दिले नाही, कारण उत्तर आम्हांला नीट माहीत नव्हते. डॉक्टरांच्या दहा मिनिटांवर आम्ही एका घराचा निर्णय फिरवला होता. म्हणून आम्ही अभ्यासाला बसलो. आजचे हे व्याख्यान त्या माउलीच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. मेंदूचे वजन साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू हा एकटा अवयव वापरतो. तो कवटीच्या बंद पेटीत ठेवलेला असतो. हात मुरगळला तर तो सुजतो, कारण कातडी ताणली जाते. कवटी ताणली जात नाही. आत रक्त साचले किंवा सूज आली की जागा कमी पडते, दाब वाढतो, आणि दाब वाढला की मेंदूकडे येणारे रक्तच कमी होते. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी, प्राणवायू कमी म्हणजे आणखी सूज. असे हे दुष्टचक्र आहे.

म्हणून डॉक्टर डोक्याच्या इजेचे दोन भाग मानतात. पहिला भाग आपटल्याच्या क्षणी होतो. त्या क्षणी ज्या पेशी चिरडल्या, जे तंतू तुटले, ते कोणत्याही औषधाने जुळत नाहीत. दुसरा भाग पुढच्या काही तासांत आणि दिवसांत घडतो. सूज, रक्तस्राव, कमी रक्तदाब, प्राणवायूची कमतरता, झटके आणि ताप यांमुळे वाचलेल्या पेशीही मरू लागतात. सर्व उपचार असतात ते हा दुसरा भाग रोखण्यासाठी.

थंडाव्याची कल्पना येथूनच निघाली. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरवले की मेंदूची प्राणवायूची गरज सहा-सात टक्क्यांनी कमी होते. पुरवठा वाढवता येत नसेल तर मागणी कमी करा, असा हा साधा हिशेब. आपले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते यंत्राच्या गाद्यांनी, थंड सलाइनने किंवा रक्तवाहिनीत घातलेल्या खास नळीने ३२ ते ३५ अंशांपर्यंत आणायचे, दोन-तीन दिवस तेथे ठेवायचे आणि मग अगदी हळूहळू पूर्वपदावर आणायचे, असे उपचाराचे स्वरूप आहे. डोक्यावर टेंगूळ आले की घरी आपण बर्फ लावतो, त्याच्याशी याचा संबंध नाही. त्या बर्फाने कातडीची सूज उतरते, आतला मेंदू त्याने थंड होत नाही.

कल्पना जुनी आहे. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यचिकित्सक बॅरन लारे यांनी १८१२ च्या रशियावरील स्वारीत असे पाहिले की, शेकोटीजवळ ठेवलेले जखमी सैनिक दूर थंडीत पडलेल्यांपेक्षा लवकर दगावतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. टेंपल फे यांनी १९३८ पासून रुग्णांचे शरीर थंड करण्याचे प्रयोग केले. प्रथम कर्करोगाच्या आणि पुढे डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर त्यांनी हा उपाय वापरला.

येथे विद्यार्थी मित्रांसाठी एक काळी नोंद केलीच पाहिजे. १९४२-४३ मध्ये जर्मनीतील डाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि माणूस किती थंडी सोसतो याच्या नोंदी केल्या. अनेक कैदी त्यात मेले. त्यांना कोणी विचारले नव्हते. युद्धानंतर न्युरेंबर्ग येथे अशा डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ च्या निकालात एक तत्त्व लिहिले गेले : माणसाच्या स्वतःच्या मर्जीची संमती असल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही. विज्ञान माणसाला माणूस मानत नसेल तर ते कोणत्या थराला जाते, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १९९० च्या दशकात या उपचाराला पुन्हा बहर आला. जपानमध्ये निहोन विद्यापीठाचे डॉ. नारियुकी हायाशी यांनी मेंदू थंड ठेवण्याची पद्धत मोठ्या हिरिरीने वापरली आणि तिची सर्वत्र चर्चा झाली. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे ८२ रुग्णांचा अभ्यास झाला व १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर थंड केलेल्यांपैकी ६२ टक्के आणि न केलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती. आमच्या त्या नातेवाइकांच्या कानांवर जी बातमी आली, ती याच काळातल्या आशेची बातमी होती. ती खोटी नव्हती. ती अर्धी होती.

उरलेली अर्धी बातमी ऐका. ८२ ही संख्या लहान आहे. म्हणून मोठे अभ्यास करण्याचे ठरले. अशा अभ्यासात रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करतात. ज्याच्या नावाने एक चिठ्ठी निघेल त्याला नवा उपचार, दुसरी निघेल त्याला नेहमीचा उपचार. कोणाचा वशिला नाही, डॉक्टरांची आवडनिवड नाही. नाहीतर आशा असलेले रुग्ण एका बाजूला जातात आणि श्रेय उपचाराला मिळते.

अमेरिकेतील डॉ. गाय क्लिफ्टन यांच्या नेतृत्वाखालील अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३९२ रुग्ण होते. वाईट परिणाम झालेल्यांचे प्रमाण थंड केलेल्या गटात ५७ टक्के आणि न केलेल्या गटातही ५७ टक्केच निघाले. मुलांचा अभ्यास कॅनडाच्या पुढाकाराने झाला व २००८ साली प्रसिद्ध झाला. २२५ मुलांपैकी थंड केलेल्या गटात २३ आणि दुसऱ्या गटात १४ मुले दगावली. युरोपमधील ३८७ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली आला. त्यात कवटीतला दाब वाढलेले रुग्ण घेतले होते. चांगला परिणाम थंड केलेल्यांत २६ टक्के, न केलेल्यांत ३७ टक्के. म्हणजे फायदा दूरच, तोटा दिसला. शेवटी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फ्रान्ससह काही देशांनी मिळून ५११ रुग्ण घेतले, अपघातानंतर शक्य तितक्या लवकर, काहींना तर रुग्णवाहिकेतच थंड करायला सुरुवात केली. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर चांगली स्थिती थंड केलेल्यांत ४८.८ टक्के, न केलेल्यांत ४९.१ टक्के. दोन्ही सारखेच.

आपण विचाराल, हिशेब बरोबर असूनही उत्तर का चुकले? कारण शरीर म्हणजे केवळ मेंदू नव्हे. थंडीने रक्त नीट गोठत नाही, आणि डोक्यात आधीच रक्तस्राव असतो. जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते, न्यूमोनियाचे भय वाढते. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. शरीर कुडकुडू लागते आणि ते थांबवायला अधिक गुंगीची औषधे द्यावी लागतात. पुन्हा उबदार करताना रक्तदाब कोसळू शकतो आणि मेंदूची सूज उसळी घेऊ शकते. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदराला ठरावीक मार देऊन काही मिनिटांत थंड करता येते. रस्त्यावर पडलेला माणूस रुग्णालयात पोहोचेपर्यंत तासन् तास गेलेले असतात.

यातून एक मोठा धडा निघतो. थंड केल्याने कवटीतला दाब खरोखर उतरतो. यंत्रावरचा आकडा सुधारतो, डॉक्टर आणि नातेवाईक दोघांनाही बरे वाटते. परंतु आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असे नव्हे. सहा महिन्यांनी तो स्वतःच्या हाताने जेवतो का, घरच्यांना ओळखतो का, ही खरी कसोटी आहे.

असे पूर्वीही घडले होते. डोक्याची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शने देण्याची पद्धत कित्येक वर्षे जगभर होती. मग १०,००८ रुग्णांचा अभ्यास झाला आणि २००४ साली कळले की, स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के आणि न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. सर्वांनी चांगल्या हेतूने दिलेले औषध माणसे मारत होते, आणि मोजल्याशिवाय ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आता आपल्या दारातले उदाहरण सांगतो. शीव-पनवेल महामार्ग आपणां सर्वांच्या पायाखालचा आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाला शीव येथे मुंबई महानगरपालिकेचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. आपल्या भागातील कित्येक अपघातग्रस्त आजवर त्या रुग्णालयात गेले आहेत. थंडाव्याच्या उपचाराची एक फार महत्त्वाची कसोटी त्या रुग्णालयात झाली. मात्र ती डोक्याला मार लागलेल्यांची नव्हे, नवजात बाळांची होती.

जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून ज्या बाळांच्या मेंदूला इजा होते, त्यांना ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवले तर मृत्यू आणि अपंगत्व कमी होते, हे श्रीमंत देशांत सिद्ध झाले होते. तेथे हा उपचार आज नेहमीचा आहे. मग तो आपल्याकडे जसाच्या तसा आणावा की आधी तपासावा? लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे डॉ. सुधीन तय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात रुग्णालयांनी २०१५ ते २०१९ या काळात तो तपासला. शीवचे रुग्णालय त्यांपैकी एक. आईवडिलांच्या संमतीने ४०८ बाळे या अभ्यासात घेतली गेली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. मृत्यू किंवा अपंगत्व हे दोन्ही मिळून पाहिले तर ५० टक्के आणि ४७ टक्के, म्हणजे फायदा नाहीच.

तेच यंत्र, तेच तापमान, तेवढेच तास. तरीही तेथे जीव वाचवणारा उपचार येथे वाचवू शकला नाही. आपल्याकडच्या बाळांच्या मेंदूची इजा वेगळ्या प्रकारची आणि बहुधा वेगळ्या वेळी झालेली असते, असे कारण संशोधकांनी मांडले. गरोदरपणातली माउलीची प्रकृती, प्रसूतीच्या वेळी मिळालेली किंवा न मिळालेली मदत, या गोष्टी यंत्राच्या आधीच्या आहेत. आमच्या मते या शतकात आपल्या भागातील गरिबांसाठी झालेले हे फार मोलाचे काम आहे. 'परदेशात चालते म्हणून येथेही चालेल' हे गृहीत धरले असते, तर किती बाळे हकनाक गेली असती याचा विचार करा. ऐकीव आहे, थोरांनी सांगितले आहे, म्हणून मानू नका, अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहा, ही शिकवण या सभागृहात नवी नाही.

आता माउलींच्या प्रश्नाचे उत्तर. ताई, तुमच्या मुलाला त्या दिवशी थंड केले असते तर हात बरा राहिला असता, असे मानायला आजवरच्या एकाही मोठ्या अभ्यासात आधार नाही. उलट नुकसान झाले असते, अशी शक्यता काही अभ्यासांत दिसते. त्याच्या हाताची ताकद गेली ती बहुतांशी आपटल्याच्या क्षणी आणि त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. पैशासाठी आपण मागे सरलो नाही. परंतु हेही कबूल करतो की, तेव्हा आम्ही हे अभ्यासून सांगितले नव्हते. एका भल्या डॉक्टरांवर विश्वास ठेवून सांगितले होते. आज अभ्यासून सांगतो आहोत.

उपाय काहीच नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ज्या गोष्टींनी मेंदू वाचतो त्या साध्या आहेत आणि त्यांना लाखांचे यंत्र लागत नाही. श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, रक्तदाब पडू न देणे. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला तर गंभीर मार असलेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता दुपटीच्या घरात जाते. लवकरात लवकर सिटी स्कॅन आणि गाठ असेल तर वेळेवर शस्त्रक्रिया. खाटेचे डोके तीस अंश वर ठेवणे, झटके रोखणे, आणि ताप चढू न देणे. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मेंदूला ३३ अंशांवर नेण्याचा फायदा दिसला नाही, पण ताप मात्र मेंदूला मारकच आहे. तो उतरवलाच पाहिजे. थंडाव्याच्या आशेतून हाती उरलेले शहाणपण ते एवढे.

२०१९ साली रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाचा १२,७३७ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता फरक निर्णायक नव्हता. परंतु ज्यांचा मार सौम्य किंवा मध्यम होता आणि ज्यांना तीन तासांच्या आत औषध मिळाले, त्यांच्यात मृत्यू कमी दिसले. म्हणजे येथेही मुद्दा घड्याळाचाच.

आणि घड्याळ आपल्या हातात आहे. पनवेल हे रस्त्यांचे गाव. मुंबई-पुणे रस्ता येथून जातो, गोव्याचा रस्ता येथून फुटतो, जेएनपीटीचे ट्रेलर रात्रंदिवस चालतात. २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग आपल्या कळंबोलीपासून सुरू होतो. त्यावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून आपली मुले जुन्या महामार्गाने, ट्रेलरच्या मधून जातात. म्हणून पुढच्या गोष्टी प्रत्येक घरात पाठ असाव्यात अशी आमची कळकळीची विनंती आहे.

अपघात दिसला तर थांबा आणि १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पोलिसांच्या लफड्यात अडकू या भीतीने पुढे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. मदत करणाऱ्यावर दावा होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्या रात्री तो टेम्पोवाला थांबला नसता तर आजचे व्याख्यान झालेच नसते.

जखमीला पाणी पाजू नका. ओढून उठवू नका, मान वाकवू नका. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा. श्वास घेता येत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. बेशुद्ध आणि जखमी माणसाला, शक्य असेल तेव्हा, सिटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया दोन्ही असलेल्या रुग्णालयातच न्या. आपल्या भागात रात्री या सोयी कोठे चालू असतात याची यादी समिती करून प्रत्येक इमारतीत लावणार आहे.

मार लागूनही माणूस बोलता-चालता असेल तर बिनघोर राहू नका. आत रक्त हळूहळू साचत असेल तर काही तासांनी तो ढासळतो. वारंवार उलटी, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, नाकाकानांतून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी एक जरी दिसले तरी 'सकाळी पाहू' म्हणू नका.

कोणी महागडा नवा उपचार सुचवला तर रागावू नका आणि हुरळूनही जाऊ नका. डॉक्टरांना चार प्रश्न नम्रपणे विचारा. हा उपचार किती रुग्णांवर चिठ्ठी पद्धतीने तपासला आहे? सहा महिन्यांनंतर रुग्णांची स्थिती काय होती? धोके कोणते? आणि नाही केला तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. पैशांची अडचण असेल तर दागिने विकण्याआधी रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे का, हे पाहा व तेथील आरोग्यमित्राला भेटा. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. जगात मेंदू थंड करण्याचे यंत्र आहे, दाब मोजण्याची तार आहे, कवटी उघडणारे कुशल हात आहेत. पण आपटण्याचा जो पहिला क्षण आहे, त्यावर इलाज करणारी एकच वस्तू माणसाला सापडली आहे, आणि ती बाजारात काही शे रुपयांना मिळते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, हेल्मेट वापरल्याने मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट घ्या, पट्टा हनुवटीखाली आवळा, मागे बसणाऱ्यालाही द्या. कायदा १९८८ पासून तेच सांगतो. दंडाच्या भीतीने घालू नका, घरी वाट पाहणाऱ्या माणसासाठी घाला.

तो मुलगा हल्ली शनिवारी आमच्या समितीसोबत वस्तीतल्या मुलांना हेल्मेटचा पट्टा कसा बांधायचा ते शिकवतो. डाव्या हाताने. पट्टा बांधायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मुले गप्प उभी राहून पाहतात. आमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्यांना तेवढ्यात अधिक कळते असे आम्हांस वाटते.